सही चालते आहे तोवर: स्मृतिभ्रंशाच्या निदानानंतरचा आर्थिक व्यवहार

स्मृतिभ्रंश हा स्मरण, विचार, भाषा आणि निर्णयशक्ती हळूहळू घटवत नेणाऱ्या मेंदूविकारांचा समूह असून अल्झायमर हा त्यातील सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठीपुढच्या लोकसंख्येत त्याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या घरात आहे. निदान झाल्यावर कुटुंबाचे लक्ष स्वाभाविकपणे औषधांकडे आणि देखभालीकडे जाते, आणि पैशाचा विचार शिल्लक आटू लागेपर्यंत लांबणीवर पडतो. परंतु या आजारात पैसा संपण्यापूर्वीच आणखी एक गोष्ट संपत असते, ती म्हणजे रुग्णाच्या सहीला कायद्याने असलेली किंमत. घरात फ्लॅट, मुदतठेवी आणि निवृत्तिवेतन असूनही उपचारासाठी रक्कम काढता येत नाही, अशी कोंडी त्यामुळेच होते. म्हणून ज्या कामांना रुग्णाची समज लागते ती आधी आणि ज्या मदतीला केवळ त्याचा आजार सिद्ध करावा लागतो ती नंतर, असा क्रम प्रथमपासून ठेवणे हिताचे ठरते.

भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार करार करणारी व्यक्ती त्या वेळी व्यवहाराचा अर्थ समजून घेण्यास आणि त्याचा आपल्या हितावर होणारा परिणाम तोलण्यास समर्थ असावी लागते. सामान्यतः अशी समज नसलेली, परंतु अधूनमधून ती असणारी व्यक्ती समज असलेल्या काळात करार करू शकते, हेही त्याच कायद्यात म्हटले आहे. याचा अर्थ निदानाचा कागद हाती आला म्हणून सहीचा अधिकार त्या दिवशी जात नाही. आजाराच्या प्रारंभीच्या टप्प्यात तो बहुधा शाबूत असतो, आणि कुटुंबाला खरा वाव तेवढ्याच काळात मिळतो. या काळात होणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या दस्ताच्या दिवशीच मानसोपचारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडून स्मरण व आकलन यांची चाचणी करून समजशक्तीचे लेखी प्रमाणपत्र घेतल्यास पुढे भावंडांत वाद उद्भवला तरी दस्त टिकण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

सर्वाधिक गैरसमज मुखत्यारपत्राविषयी आढळतो. आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारे हे पत्र मुलाच्या नावे करून ठेवले की पुढची चिंता मिटली, असे अनेक घरांत, आणि काही वेळा दस्तलेखकाच्या टेबलावरही, सांगितले जाते. प्रत्यक्षात करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याची समज गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो, म्हणजे ज्या दिवसासाठी ते पत्र केले त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. इंग्लंडसारख्या काही देशांत समज गेल्यावरही चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्राची तरतूद आहे. भारतात मालमत्तेसाठी ती नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने दिलेली पूर्वनिर्देशाची आणि नामनिर्देशित प्रतिनिधीची सोय उपचारांपुरती आहे, बँकेतील पैशाला ती लागू पडत नाही. मुखत्यारपत्र त्यामुळे टाकाऊ ठरत नाही, कारण समज शिल्लक असताना चालण्याची किंवा रांगेत उभे राहण्याची दगदग ते वाचवते. मात्र त्याच्यावर सारी भिस्त ठेवणे ही चूक आहे.

टिकाऊ उपाय साधेच आहेत. निवृत्तिवेतनाचे आणि बचतीचे खाते पती-पत्नींच्या संयुक्त नावावर, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या पद्धतीने करून घेतल्यास एकाची समज गेली तरी दुसऱ्याला घरखर्च चालवता येतो. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना जोडीदारासह असे खाते ठेवण्याची मुभा आहे. मुदतठेवींच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो, कारण संयुक्त ठेव मुदतीपूर्वी मोडताना बँक दोघांच्याही सह्या मागू शकते. म्हणून कोणाही एकाच्या सहीने ठेव मोडता येईल, अशी लेखी सूचना रुग्ण समर्थ असतानाच शाखेत देऊन तिची पोच घ्यावी. नामनिर्देशनाचा उपयोग मृत्यूनंतरच होतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, ही सोय स्वागतार्ह असली तरी ‘नॉमिनी लावला आहे’ म्हणून खातेदार हयात असताना त्या व्यक्तीला एक रुपयाही काढता येत नाही, आणि मृत्यूनंतरही ती रक्कम वारसांसाठी सांभाळणारी व्यक्ती ठरते, मालक नव्हे.

मृत्युपत्राला साध्या कागदावरील सही आणि किमान दोन साक्षीदार पुरेसे असतात, मुद्रांक लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाने ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे आणि साक्षीदारांपैकी एक डॉक्टर असावा, हे शहाणपणाचे. ज्यांच्याकडे मालमत्ता थोडी मोठी आहे आणि जोडीदार नाही, किंवा ज्यांचे अपत्य स्वतःच परावलंबी आहे, त्यांनी भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ खालील खासगी विश्वस्त निधीचा विचार करावा. त्यात मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवलेली असते आणि ती कोणाच्या देखभालीसाठी कशी वापरायची हे दस्तातच लिहिलेले असते, त्यामुळे निधी स्थापन करणाऱ्याची समज गेली तरी विश्वस्तांचा अधिकार अबाधित राहतो. मुद्रांक शुल्क, वकिलाचा खर्च आणि विश्वासू माणसे मिळण्याची अडचण यांमुळे हा मार्ग सर्वांना परवडणारा नाही, इतके मात्र मान्य केले पाहिजे.

याउलट बक्षीसपत्राचा मोह फार. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुले किंवा नातवंडे यांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असते, स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे ‘नंतर कटकट नको’ म्हणून निदानानंतर लगेच फ्लॅट एका मुलाच्या नावे करून देण्याकडे कल दिसतो. एकदा दिलेले बक्षीस सहसा परत घेता येत नाही, आणि आजार दहा-बारा वर्षेही चालू शकतो, त्या काळात राहते घर हाच रुग्णाचा शेवटचा आधार असतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार देखभाल करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता देखभाल न झाल्यास परत मिळू शकते, परंतु ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असणे महत्त्वाचे आहे. ज्या बक्षीसपत्रात देखभालीची आणि हयातभर निवासाची अट नाही, त्यावर रुग्णाची सही घेऊ नये, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात, विशेषतः उल्हासनगरात, मालमत्तेच्या या प्रश्नाला स्थानिक पदर आहे. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. विस्थापितांना दिलेल्या बराकी व भूखंड, त्यांवरील सनदा, पुढे झालेली वाढीव बांधकामे आणि २००६ मध्ये अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी झालेला खास कायदा, यांमुळे अनेक घरांच्या मालकीची साखळी कागदावर पूर्ण नसते. कोणती पावती कोणत्या खोलीची आणि कोणत्या भावाचा वाटा तोंडी ठरला होता, हे घरातील ज्येष्ठालाच ठाऊक असते. कापड, जीन्स आणि फर्निचरच्या बाजारांतील धंदा पुष्कळदा उधारीवर आणि शब्दावर चालतो, शिवाय भिशी असतेच. अशा घरात निदानानंतरचे पहिले काम म्हणजे येणे-देणे, सनद, कर-पावत्या, भागीदारी आणि भिशीतील हप्ते यांची वही रुग्णाकडून हळूहळू बोलून लिहून घेणे. भागीदाराची समज गेल्यास १९३२ च्या भागीदारी अधिनियमानुसार न्यायालय संस्था विसर्जित करू शकते. म्हणून निवृत्त होण्याची आणि हिस्सा मोजण्याची तरतूद भागीदारी करारात वेळीच घालून घ्यावी. घर गहाण ठेवून ज्येष्ठांना दरमहा रक्कम देणारे उलट तारण कर्ज कागदोपत्री आकर्षक वाटते, परंतु त्याला निर्विवाद मालकी आणि कर्जदाराची समज दोन्ही लागतात, त्यामुळे येथे ते क्वचितच जमते.

बदलापुरातील अडचण वेगळीच. उल्हास नदीकाठच्या सखल भागात २६ जुलै २००५ चा आणि जुलै २०१९ चा पूर ज्यांनी सोसला, त्यांना लोखंडी कपाटातील कागद किती सुरक्षित असतात हे सांगावे लागत नाही. भाग प्रमाणपत्र, खरेदीखत, पॉलिस्या आणि वैद्यकीय अहवाल यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि घराबाहेरील एका विश्वासू नातेवाइकाकडे ठेवाव्यात.

समज गेल्यानंतर कुटुंब जागे झाले, तर मार्ग उरतो तो न्यायालयाचा. जुन्या मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ मध्ये रुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याचे प्रकरण होते, २०१७ च्या कायद्यात ते नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १४ मर्यादित पालकत्वाची, म्हणजे रुग्णाशी विचारविनिमय करून ठरावीक निर्णयांत साहाय्य करणाऱ्या पालकाची तरतूद करते. ठेवी मोडणे किंवा घर विकणे यांसाठी मात्र अनेक कुटुंबांना मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करावी लागली आहे. २०२० मध्ये या न्यायालयाने कोमातील पतीच्या मालमत्तेसाठी पत्नीला पालक नेमले, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या मुलांनाही असे पालकत्व मिळालेले आहे. त्यासाठी वैद्यकीय मंडळाचा अहवाल, इतर वारसांची संमती आणि मालमत्तेची यादी लागते. यात महिने जातात आणि पैसाही. हा खर्च टाळण्यासाठीच आधीच्या परिच्छेदांतील खटाटोप सांगितला आहे.

दैनंदिन व्यवहारात रुग्णाचा पैसा एकदम काढून घेणे योग्य नाही, कारण भाजीवाल्याला आपल्या हाताने पैसे देणे हा माणसाच्या मानाचा भाग असतो. मोठी शिल्लक संयुक्त खात्यात ठेवून रुग्णाच्या स्वतंत्र खात्यात थोडीच रक्कम ठेवावी, कार्डाची आणि यूपीआयची मर्यादा खाली आणावी, महावितरणचे बिल, मालमत्ता कर आणि विम्याचे हप्ते खात्यातून आपोआप वळते व्हावेत अशी व्यवस्था करावी. एकच वस्तू पुन्हा पुन्हा विकत आणणे, बिल दोनदा भरणे, अनोळखी फोनवर माहिती देणे ही कित्येकदा आजाराची पहिली लक्षणे असतात. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करून बँकेलाही लेखी कळवावे. ग्राहकाचा दोष नसलेल्या त्रयस्थाच्या फसवणुकीत तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवल्यास ग्राहकावर तोटा पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान सोसावे लागते.

उत्पन्नाच्या बाजूला पहिली काळजी निवृत्तिवेतनाची. अंबरनाथची आयुध निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून यंत्र इंडिया लिमिटेड या कंपनीत आणि तेथील मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या कंपनीत गेली असली तरी तेथून निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन केंद्र सरकारचेच आहे. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची संख्याही या पट्ट्यात मोठी. त्यांना दर नोव्हेंबरमध्ये, आणि ८० वर्षांपुढील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून, हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की निवृत्तिवेतन थांबते. बोटांचे ठसे उमटत नसल्यास चेहरा ओळखणाऱ्या ‘जीवन प्रमाण’ सुविधेचा उपयोग होतो, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन ७० रुपये आकारून घरी येऊन दाखला करतो. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच बँक सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच दिल्या आहेत. शाखेत त्या आग्रहाने मागाव्या लागतात. वयाच्या ८० व्या वर्षी केंद्राचे मूळ निवृत्तिवेतन २० टक्क्यांनी आणि ८५ व्या वर्षी ३० टक्क्यांनी वाढते, ती वाढ जमा झाली की नाही हे पासबुकात पाहावे, कारण रुग्ण ते स्वतः तपासणार नसतो. औद्योगिक वसाहतींतील कामगारांना भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम मात्र १,००० रुपयेच आहे. त्यांचा हयातीचा दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तो बारा महिने चालतो.

शासकीय साहाय्याची किल्ली म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आणि ते काढण्यात स्मृतिभ्रंशाची कुटुंबे फार मागे राहतात, कारण म्हातारपणाचा आजार आणि दिव्यांगत्व यांचा संबंध त्यांच्या मनात जुळत नाही. २०१६ च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणाचा गंभीर बिघाड अंतर्भूत आहे, आणि त्याच्या मोजमापासाठी वापरली जाणारी भारतीय मापनश्रेणी स्मृतिभ्रंशासाठीही आखलेली आहे. केंद्राच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय वैद्यकीय मंडळासमोर तपासणी होते. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आणि अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय येथे प्रथम चौकशी करावी, ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक ठरले की लाभांची दारे उघडतात.

संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना यांत दरमहा १,५०० रुपये, आणि दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये मिळतात. अर्ज उल्हासनगर किंवा अंबरनाथ तहसील कार्यालयात करायचा असतो, बदलापूरकरांनी अंबरनाथला. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची २१,००० रुपयांची, आणि निराधार योजनेत दिव्यांगांसाठी ५०,००० रुपयांची मर्यादा इतकी तुटपुंजी आहे की भाड्याच्या खोलीत राहणारे साधे कामगार कुटुंबही तिच्याबाहेर पडते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ६५ वर्षांपुढील व्यक्तींना कमोड खुर्ची, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. याहून कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की राज्यातील महापालिका आणि नगरपरिषदांनी उत्पन्नाचा पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांच्या दिव्यांग कक्षात त्या वर्षीची योजना कोणती, हे लेखी विचारावे.

करदात्या मुलांसाठी हेच प्रमाणपत्र उपयोगी पडते. ज्येष्ठ रुग्णाच्या उपचारावर झालेल्या खर्चापैकी एक लाख रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि त्या आजारांच्या यादीत ४० टक्के दिव्यांगत्व असलेला स्मृतिभ्रंश नावानिशी आहे. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञाची चिठ्ठी लागते. दिव्यांग अवलंबिताच्या देखभालीसाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्क्यांपुढे १,२५,००० रुपयांची वेगळी वजावट आहे. या सवलती जुन्या करपद्धतीतच मिळतात, आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर अधिनियम लागू झाल्याने जुने कलमक्रमांक सांगून काम होत नाही.

आरोग्यविम्याबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) लाभार्थ्याला मात्र ती योजना आणि वय वंदना कार्ड यांपैकी एकाची निवड करावी लागते. हे सारे रुग्णालयात दाखल झाल्यावरचे संरक्षण आहे. स्मृतिभ्रंशाचा मोठा खर्च घरात होतो, तो ब्यूरोकडून येणाऱ्या मावशींच्या दिवसपाळी-रात्रपाळीचा, डायपरचा आणि नोकरी सोडलेल्या सुनेच्या किंवा लेकीच्या बुडालेल्या पगाराचा, आणि त्याला कोणतीही पॉलिसी हात लावत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) पाच वर्षे विमित राहून निवृत्त झालेला कामगार आणि त्याची पत्नी यांना वर्षाला केवळ १२० रुपये भरून उपचार मिळतात. उल्हासनगरच्या कामगार रुग्णालयाच्या परिसरात राहणाऱ्या कित्येक निवृत्तांना हे ठाऊक नसते.

साठीच्या आत निदान झाल्यास घाईने राजीनामा देऊ नये. सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर २०१६ च्या कायद्याच्या कलम २० नुसार त्याला काढता येत नाही, समान वेतनावर दुसरे काम किंवा अधिसंख्य पद द्यावे लागते. खासगी कारखान्यातील कामगाराला कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास किमान सेवेची अट न लावता भविष्यनिर्वाह निधीचे अपंगत्व निवृत्तिवेतन मागता येते.

भावंडांत खर्चाची वाटणी तोंडी न ठेवता लिहून ठेवावी, आणि त्यात प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याच्या श्रमाचे व बुडालेल्या कमाईचे मोल धरावे. आई-वडिलांच्या पैशातून झालेल्या प्रत्येक खर्चाची पावती जपली, तर पुढे पालकत्वाच्या अर्जातही तिचा उपयोग होतो. मुले टाळाटाळ करीत असल्यास प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात २००७ च्या कायद्याखाली दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मागता येतो. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. वकिलाचे शुल्क परवडत नसल्यास ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० या क्रमांकावर अर्ज करावा. तेथे स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, म्हणजे रुग्ण स्वतः आणि त्याची पत्नी हे दोघेही त्या मदतीस पात्र ठरतात.